रस्ता डांबरी होण्याआधी ड्रेनेजचं बघून घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, पाऊस उघडला की दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. "आमच्या गल्लीचा रस्ता मंजूर झालाय म्हणे. घरची ड्रेनेज लाइन जुनी आहे. आत्ता बदलू की रस्ता झाल्यावर?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: रस्त्याच्या आधी, आणि जमलं तर रस्त्याची वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघायच्याही आधी.

सांगायला सोपं, जमवायला अवघड. ड्रेनेजचा पैसा एका वाटेनं येतो, रस्त्याचा दुसऱ्या वाटेनं, आणि दोन्ही एकाच वेळी आपल्या गल्लीत पोचतील असा नेम नाही. आमची फर्म कोल्हापुरातली, लहान, काम प्लंबिंग आणि ड्रेनेजचं. पण महापालिकेत काय ठरलं त्याचा परिणाम आमच्या ग्राहकाच्या दारात, कधीकधी थेट बाथरूममध्ये दिसतो. म्हणून हे पत्रक.

पैसा कुठून येतो

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे ड्रेनेज बांधणं-राखणं आणि सार्वजनिक रस्ते राखणं ही दोन्ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत. कायद्यात दोन्ही शेजारी-शेजारी असली, तरी तिजोरीत तसं नसतं.

ड्रेनेजचं मोठं काम, म्हणजे मेन लाइन, पंपिंग स्टेशन, प्रक्रिया केंद्र, महापालिकेला एकटीच्या बळावर झेपत नाही. ते केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांतून होतं. अमृत 2.0 ही केंद्राची शहरांतल्या पाणी आणि सांडपाण्याची योजना 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाली. तिच्यात 1 ते 10 लाख लोकसंख्येच्या शहरांना प्रकल्पखर्चाचा एक तृतीयांश वाटा केंद्राकडून मिळतो आणि बाकीचा भार राज्य आणि महापालिका उचलतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपण याच गटातले. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचंही असंच आहे. आपल्यासारख्या शहरांसाठी 2021-22 ते 2025-26 या काळात त्यातला 60 टक्के हिस्सा बांधील, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच, ठेवला गेला, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. तो पैसा डांबरावर घालता येत नाही. "ड्रेनेजला एवढे कोटी आले, मग आमच्या दारातला खड्डा का बुजत नाही?" असं लोक तावातावानं विचारतात, त्याचं मोठं कारण हे आहे. खड्ड्याबद्दलचा राग रास्त आहे, पण त्या कोटींतून तो बुजणार नाही.

रस्त्याचा पैसा वेगळ्या दारानं येतो: राज्याचं नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी आणि महापालिकेचं स्वतःचं अंदाजपत्रक. नगरोत्थानमधल्या 100 कोटींच्या रस्त्यांबद्दल शहरात किती बोललं गेलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याही आधी, 2008 च्या करारातून झालेल्या रस्त्यांसाठी टोल लागला तेव्हा हे शहर रस्त्यावर उतरलं आणि 2015 संपता संपता तो टोल रद्द झाला. रस्ता कुठल्याही योजनेतला असो, त्याचा खर्च शेवटी कुणाच्या खिशातून जातो हे कोल्हापूरकरांना वेगळं शिकवायला नको.

एका खर्चाकडं मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे बांधून झालेलं चालवण्याचा खर्च. जयंती नाल्याचं सांडपाणी अडवून पंपानं उचलायचं आणि कसबा बावड्याच्या 76 एमएलडी क्षमतेच्या केंद्रात न्यायचं, दुधाळी नाल्याचं तिथल्या 17 एमएलडीच्या केंद्रात स्वच्छ करायचं, हे काम दिवसरात्र चालावं लागतं. एक एमएलडी म्हणजे रोजचे 10 लाख लिटर. पंप आणि हवा सोडणारे ब्लोअर विजेवर चालतात. केंद्र बांधायला अनुदान मिळतं, पण दर महिन्याचं वीजबिल, मोटारींची दुरुस्ती आणि माणसांचा पगार महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा असतो. पूर्वी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 ला जीएसटी आल्यापासून राज्याच्या भरपाई अनुदानावर भिस्त आहे. बाकी घरफाळा आणि पाणीपट्टी. पाण्याच्या बिलावर सांडपाणी अधिभाराची ओळ असते, ती एकदा वाचून घ्या. पंप बंद पडला की मैलापाणी नाल्यातून पंचगंगेत जातं, आणि पंचगंगा पुढं इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला जाते. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली, ते आम्ही विसरलेलो नाही. आपल्या घरातून बाहेर पडलेलं पाणी कुणाच्या तरी गावाच्या नदीत जाणार आहे, हे डोक्यात ठेवूनच आम्ही जोडणी करतो.

मंजूर झालं म्हणजे नेमकं काय झालं

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं मांडतात, तिथून ते महासभेत जातं, आणि 1 एप्रिलला नवं वर्ष लागतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर बराच काळ हे सगळे अधिकार प्रशासकांकडं होते. निर्णय कुणीही घेतला तरी पुढची पायवाट तीच: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर. यातल्या प्रत्येक पायरीवर काम महिनोन्‌महिने थांबू शकतं. नारळ फुटला, बोर्ड लागला, फोटो छापून आला, तरी वर्क ऑर्डर निघाली आहे का ते विचारा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चारपैकी आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात हे कळतं. तोंडी उत्तरावर समाधान झालं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करता येतो, आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

आमचा आग्रहाचा सल्ला असा. गल्लीतली मेन लाइन जुनी किंवा अपुरी असेल, तर अंदाजपत्रक तयार होण्याच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत, लेखी अर्ज द्या. एकट्यानं देऊ नका. आपल्या पेठांत तालीम मंडळं आहेत, वसाहतींत गृहनिर्माण संस्था आहेत. पन्नास घरांच्या सह्यांचं पत्र असेल तर आवक-जावक क्रमांक पडतो आणि ते फायलीत राहतं. अर्जात एकच वाक्य ठळक लिहा: "रस्त्याच्या डांबरीकरणापूर्वी ड्रेनेज लाइनचं काम व्हावं." आम्हाला विचाराल तर शहरातल्या निम्म्या तक्रारी या एका क्रमानं कमी होतील.

रस्ता का खचतो

डांबराचं खरं वैर पाण्याशी. खडीला धरून बसलेलं डांबर पाणी आत शिरलं की सुटायला लागतं. पाऊस वरून येतो तो दिसतो. खालून येणारं पाणी दिसत नाही, आणि ते जास्त वाईट.

एका पेठेतली गोष्ट सांगतो. गल्ली अरुंद, खाली चिनी मातीचे जुने पाइप, सिमेंटनं सांधलेले. वरून कारपेट झालं, गुळगुळीत, लोक खूश. पहिल्याच पावसात मधोमध ताटाएवढा भाग खाली बसला. उकरून पाहिलं तर पाइपचा एक सांधा उघडा पडलेला, त्यातून रोज थोडं-थोडं पाणी जात होतं आणि जाताना भोवतालची बारीक माती पाइपमध्ये ओढून नेत होतं. डांबराच्या खाली माणूस बसेल एवढी पोकळी. वरचा थर फक्त स्वतःच्या बळावर तरंगत होता. पाण्याचा टँकर गेला आणि तो बसला. रस्त्याच्या ठेकेदाराचं काम चांगलं होतं, डांबर कमी नव्हतं, जाडी बरोबर होती. पण खाली जमीनच नव्हती. त्या घरमालकांनी आदल्या उन्हाळ्यात लाइन बदलायची ठरवली होती, रस्ता होऊ दे मग बघू म्हणून थांबले होते. शेवटी नवा रस्ता फोडावा लागला, पुनर्भरणाचे, म्हणजे फोडलेला रस्ता पुन्हा भरून देण्याचे, पैसे भरावे लागले, आणि गल्लीतल्या लोकांचे बोल ऐकावे लागले ते वेगळेच.

म्हणून चर बुजवणं आम्ही निम्मं काम मानतो. पाइप टाकताना उतार हवा: चार इंची पाइपला 40 फुटांत एक फूट, सहा इंचीला 60 फुटांत एक फूट. त्याहून सपाट असेल तर मैला बसतो. पाइपखाली वाळूचा थर, दोन्ही बाजूंना वाळू, त्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकायचा. सगळी माती एकदम ढकलून वर खडी पसरली की काम संध्याकाळपर्यंत आटोपतं, पण पावसाळ्यात चर बसणार हे नक्की. कळंबा, फुलेवाडी, आपटेनगरच्या बाजूला काळी माती लागली तर तीच माती चरात परत भरू देऊ नका. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात फाटते, वरचं डांबरही तिच्याबरोबर फाटतं. मुरूम आणायला पैसे जास्त लागतात, हे आम्ही कोटेशनमध्ये वेगळं लिहितो. ते कापायला सांगू नका, ही विनंती.

परवानगी आणि दोषदायित्व

रस्ता फोडण्याआधी महापालिकेची परवानगी आणि पुनर्भरण शुल्काची पावती लागते. पावसाळ्यात सहसा खुदाईला परवानगी मिळत नाही, त्यामुळे कामाचे महिने दिवाळीपासून मेपर्यंतचे. हॉटमिक्स डांबरही कोरड्या हवेतच टाकतात, म्हणून याच महिन्यांत ड्रेनेजवाल्यांची आणि रस्तेवाल्यांची, दोघांची घाई असते.

नव्या रस्त्याला दोषदायित्वाचा कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. कालावधी किती, ते निविदेत लिहिलेलं असतं, कामाच्या फलकावरही असावं. या काळात कुणी परवानगीशिवाय रस्ता फोडला, तर तेवढ्या भागाची जबाबदारी ठेकेदार झटकतो, आणि त्याला तसं करायला आधार मिळतो. एका घराच्या रात्रीतल्या खोदाईनं अख्ख्या गल्लीचा हक्क जातो. म्हणून विनापरवाना खुदाईचं काम आम्ही घेत नाही, ओळखीचं असो की नात्यातलं.

पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडू नका

हे कळकळीनं सांगतो. पाच माणसांच्या घराला माणशी 135 लिटरप्रमाणे दिवसाला 675 लिटर पाणी धरलं, तर त्यातलं 80 टक्के, म्हणजे सुमारे 540 लिटर सांडपाणी होतं. मेन लाइन अशा हिशोबानं आखलेली असते. गच्चीचं पाणी मात्र अर्ध्या तासाच्या जोरदार सरीत याहून कितीतरी जास्त येतं. गच्चीचा पाइप चेंबरला जोडला की ते सगळं लाइनमध्ये घुसतं, खालच्या घराचं चेंबर उसळतं आणि प्रक्रिया केंद्रावर मैल्याबरोबर पावसाचंही पाणी उपसायचा भार पडतो. गच्चीचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारात सोडा. आधीच चुकीची जोडणी असेल तर ती वेगळी करून देतो.

पूरपट्ट्यातल्या ग्राहकांसाठी एक वेगळी गोष्ट. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी दारात पुराचं पाणी यायच्या आधीच तळमजल्याच्या संडासातून मैलापाणी उलटं वर येतं, कारण खालची लाइन भरलेली असते. दुधाळी, उत्तरेश्वर, सिद्धार्थनगर, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा सखल भाग, नागाळा पार्क इथल्या तळमजल्यावरच्या घरांनी घराबाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवावा. तो मे महिन्यात उघडून, धुऊन, झडप मोकळी हलते का बघायची. केस आणि चिंध्या अडकून झडप उघडी राहिली तर त्याचा उपयोग नाही.

सेप्टिक टँक किंवा चेंबर साफ करायला माणूस आत उतरवण्याचा आग्रह धरू नका. 2013 च्या कायद्यानं धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला बंदी आहे, आणि काम करून घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. आतल्या वायूनं माणूस दोन श्वासांत कोसळतो. सक्शनची गाडी मागवा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

पाहणीला बोलवाल तेव्हा घरफाळ्याची शेवटची पावती, पाण्याचं बिल, घराचा जुना नकाशा असेल तर तो, आणि चेंबरचं झाकण उघडून काढलेला एक फोटो तयार ठेवा. तुमच्या गल्लीत रस्त्याची निविदा किंवा वर्क ऑर्डर निघाल्याचं कळलं असेल तर ते पहिल्यांदा सांगा. अशा गल्ल्यांतल्या पाहण्या आम्ही बाकीची कामं मागं ठेवून आधी करतो.