गाठीतून सुटलेल्या पेशीला पाय कुठून मिळतात?

कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीमुळे जात नाहीत. गाठीतून निघून यकृत, फुप्फुस, हाडं किंवा मेंदूत ठाण मांडणाऱ्या पेशी जीव घेतात. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि बी व जमिनीचा दृष्टान्त दिला: बी चहूकडे पडतं, पण मानवेल त्या जमिनीतच रुजतं. रक्त पेशींना दूरवर वाहून नेतं हे खरंच; पण रक्तवाहिनीपर्यंत त्या पोचतात कशा? या प्रश्नाचं उत्तर पेशीच्या सांगाड्यात आहे, आणि तो सांगाडा सापडायलाच बराच काळ गेला.

पेशीला आकार देणारं तंतूंचं जाळं आत असावं, हा तर्क रशियन जीवशास्त्रज्ञ निकोलाय कोल्त्सोव यांनी १९०३ मध्येच केला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तरी ते जाळं धड दिसेना, कारण नमुना थंड ठेवून ऑस्मियम टेट्रॉक्साइडने स्थिर करायची पद्धत होती आणि त्यात सूक्ष्मनलिका, म्हणजे त्या जाळ्यातल्या बारीक पोकळ नळ्या, विरघळून जात. १९६३ मध्ये नमुना स्थिर करायला ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन वापरात आलं, आणि २५ नॅनोमीटर जाडीच्या या नळ्या ठिकठिकाणच्या पेशींत दिसू लागल्या.

सांगाड्यातल्या दुसऱ्या तंतूंचं प्रथिन म्हणजे ॲक्टिन; त्याची वाट निराळी. हंगेरीतल्या सेगेद इथे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंचा अर्क लगेच गाळला की पातळ निघे, आणि रात्रभर ठेवला की दाट, चिकट होई. हा फरक करणारं प्रथिन ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये वेगळं काढलं. तेच ॲक्टिन. पुढची वीसेक वर्षं ते स्नायूंचंच मानलं गेलं. १९७४ मध्ये लाझारिडेस आणि वेबर यांनी चकाकणारी प्रतिपिंडं वापरून दाखवलं, की स्नायूशी संबंध नसलेल्या साध्या पेशीतही ॲक्टिनच्या जुड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या असतात. या सगळ्या इतिहासातलं हे चित्र मला सर्वांत मोलाचं वाटतं. हालचालीची यंत्रणा प्रत्येक पेशीपाशी आहे, हे त्यात डोळ्यांना दिसलं.

पेशी सरपटते कशी, हे जीवशास्त्रज्ञ मायकेल ॲबरक्रॉम्बी वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पुढची कड कागदासारखी पातळ होऊन पसरते, खालच्या पृष्ठभागाला चिकटते. मग मागचा भाग सुटून ओढला जातो. कडेशी ॲक्टिनचे रेणू एकेक जोडले जात तंतू वाढतात आणि पेशीचा पडदा पुढे रेटतात. मागे मायोसिन हे ॲक्टिनचे तंतू ओढणारं प्रथिन आकुंचन घडवतं. शेजारीण भेटली की निरोगी पेशी त्या दिशेने जायची थांबते. सार्कोमाच्या (हाडं, स्नायू अशा ऊतींच्या कर्करोगाच्या) पेशी मात्र थांबत नाहीत, हेही त्यांच्याच गटाने १९५० च्या दशकात टिपलं. १९९२ मध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी रो आणि रॅक ही दोन प्रथिनं या बांधणीची बटणं असल्याचं दाखवलं. जखम भरताना, गर्भ घडताना हीच बटणं कामाला येतात. कर्करोगाने नवं काही शोधलेलं नाही.

सांगाड्यावरचं औषध आपल्याकडे आधीपासून आहे. पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल सूक्ष्मनलिका सुटूच देत नाही, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं. १९९२ मध्ये अमेरिकेत ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पण ते वापरतात पेशीविभाजन रोखायला. चाल रोखणं अवघड ठरलं. पेशीभोवतीच्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचं जाळं कापणारी विकरं बंद केली, तर काही पेशी गोल होऊन अमीबासारख्या फटींतून निसटतात, हे २००३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. थेट ॲक्टिनवर घाव घालावा, तर हृदयाचे स्नायूही त्यावरच चालतात.

चाल रोखणाऱ्या औषधांसाठी २०१७ मध्ये मायग्रास्टॅटिक्स हे नाव सुचवलं गेलं. त्यांच्यापुढे चाचणीचीही अडचण आहे: गाठ किती आकसली हे मोजून औषध पारखायची रूढ पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण अशा औषधाने गाठ लहान होईलच असं नाही. नवी गाठ दुसरीकडे किती काळ उगवली नाही, हे मोजत बसावं लागतं.