कावा

कावा : (लॅटिन नाव – पायपर मेथिस्टिकम, कुल – पायपरेसी). फिजी, व्हानुआतू, टोंगा, सामोआ, हवाई, पोह्नपेई अशा प्रशांत महासागरातील बेटांवर लावले जाणारे झुडूप, तसेच त्याच्या मुळ्या कुटून थंड पाण्यात कालवून केलेले पेय. टोंगाच्या भाषेत ‘कावा’ म्हणजे कडू. फिजीत याला यांगोना, सामोआत आवा, पोह्नपेईत सकाउ म्हणतात. मराठीतला गनिमी कावा किंवा काश्मिरी कहवा यांच्याशी या शब्दाचे काही नाते नाही. वनस्पतीचे नाते मात्र आपल्या परसापर्यंत येते. मिरी, पिंपळी आणि विड्याच्या पानाची नागवेल ही सारी याच पायपर प्रजातीतली. कावाचे हृदयाकृती पान आणि पेऱ्यापेऱ्यांचे खोड पाहिले की नागवेल माहीत असलेल्याला ते ओळखीचे वाटते. फरक इतकाच की हे झुडूप वेलीसारखे चढत नाही, दोन-तीन मीटर उंच उभे राहते.

कावाला बी धरत नाही. खोडाचे पेरे कापून मातीत लावावे लागते, म्हणजे जगात आज जेवढा कावा आहे तो सगळा कोणीतरी हाताने लावलेला. पायपर विचमानाय या रानटी भाऊबंदापासून माणसाने तो निवडून वाढवला आणि हे काम व्हानुआतूच्या बेटांवर झाले, असे संशोधक मानतात. तिथून होड्यांतून पेरी नेत लोकांनी तो बेटोबेटी पोचवला. न्यूझीलंडच्या थंडीत तो तगला नाही. तिथल्या माओरींनी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या स्थानिक झाडाला ‘कावाकावा’ म्हणून ती आठवण जपली. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर (१७७२–७५) असलेल्या गेओर्ग फोर्स्टर यांनी वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले; त्यातल्या ‘मेथिस्टिकम’चा अर्थ झिंग आणणारे.

पेय करण्याची रीत बेटागणिक बदलते. फिजीत वाळलेले मूळ कुटून त्याची पूड करतात. आडव्या फुटलेल्या बारीक मुळ्यांना ‘वाका’ म्हणतात, त्या महाग. बुंध्याचा भाग ‘लेवेना’, तो स्वस्त. पूड फडक्यात बांधून ‘तानोआ’ या पायांच्या लाकडी परातीतल्या पाण्यात दाबून पिळतात. पाणी पावसाळ्यातल्या ओढ्यासारखे गढूळ होते. मग करवंटीतून एकेकाला दिले जाते. घेणारा ओंजळ वाकवून एक टाळी वाजवतो, ‘बुला’ (फिजीतले अभिवादन) म्हणतो, करवंटी एका दमात रिती करतो आणि तीन टाळ्या देतो. घोट घेत, गप्पा मारत पिणे तिथे रीतीला धरून नाही. परगावच्या माणसाने गावात शिरताना मुळ्यांची जुडी मुखियापुढे ठेवायची, या विधीला ‘सेवुसेवु’ म्हणतात. ती स्वीकारली गेली की पाहुणा गावाचा झाला.

व्हानुआतूत ओले मूळच वापरतात, त्यामुळे पेय बरेच तीव्र होते. संध्याकाळी ‘नाकामाल’ या बैठकीच्या जागी मंद उजेडात लोक ते पितात आणि हळू आवाजात बोलतात. मोठा आवाज व प्रखर दिवा दोन्ही तिथे नकोसे वाटतात. टोंगातली दंतकथा मला सर्वांत जवळची वाटते. दुष्काळात राजा एका छोट्या बेटावर आला. देण्यासारखे काहीच नसलेल्या जोडप्याने राजाच्या जेवणासाठी आपल्या आजारी मुलीचा बळी दिला. राजाला कळले तेव्हा त्याने ते अन्न नाकारून तिला पुरायला लावले. तिच्या डोक्याकडून कावा उगवला, पायांकडून ऊस. एका उंदराने कावा कुरतडला आणि तो लडखडला. मग ऊस खाल्ला आणि सावरला. टोंगात राजाचा राज्याभिषेक आजही कावाच्या विधीनेच होतो.

कावा ही दारू आहे का, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. नाही. त्यात काही आंबवत नाहीत, मद्यार्क नसतो. परिणाम करतात ती मुळातली कावालॅक्टोन नावाची द्रव्ये. त्यांतली सहा मुख्य. पहिल्या घोटाबरोबर ओठ आणि जीभ बधिर होतात. माशाच्या आमटीतले तिरफळ चुकून दाताखाली आल्यावर जिभेला जे होते, त्याच्या जवळपासचा हा अनुभव. त्यानंतर अंग सैल पडते, मन शांत होते, पुढे झोप येते. विचार बहुधा स्पष्ट राहतात, पण जास्त प्यायल्यास पाय जड होतात आणि हालचाली मंदावतात, म्हणून पिऊन गाडी चालवणे धोक्याचे. पहिल्या एक-दोन वेळा काहीच जाणवत नाही असे अनेक जण सांगतात. अशा वेळी ‘लागत नाही’ म्हणून मात्रा वाढवण्याची चूक होते.

यकृताला अपाय होतो का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे मला अप्रामाणिक वाटते. १९९०च्या दशकात युरोपात चिंता व अस्वस्थतेवर कावाच्या गोळ्या खपू लागल्या. त्या मुळाचा अर्क अल्कोहोल किंवा ॲसिटोनने काढून केलेल्या होत्या. काही रुग्णांत यकृताचे गंभीर विकार आढळले. २००२ मध्ये जर्मनीने परवाने रद्द केले, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला आणि २००३ मध्ये ब्रिटनने विक्री बंद केली. बेटांवरच्या शेतकऱ्यांचा बाजार एका फटक्यात बसला. २०१४ मध्ये जर्मन न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली, तरी वाद मिटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात पिळून पिणाऱ्या समाजांत असे विकार क्वचितच दिसले, ही गोष्ट खरी; पाण्यातल्या कावाशी जोडलेल्या थोड्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, हीही खरी. यकृताचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी कावा टाळावा. दारूबरोबर तर कोणीच घेऊ नये.

कोणता कावा, हा प्रश्न लोक क्वचित विचारतात आणि खरे तर तोच आधी विचारायला हवा. बेटांवरचे शेतकरी ‘नोबल’ आणि ‘टूडे’ असा भेद करतात. नोबल वाण रोजच्या पिण्याचे. टूडेचा जडपणा आणि मळमळ दोन दिवस उतरत नाही, म्हणून त्याचे ते नाव. व्हानुआतूने २००२च्या कायद्याने निर्यात नोबल वाणांपुरती ठेवली. मूळच वापरायचे, पाने आणि खोडाची साल टाकून द्यायची, हा जुना दंडक आहे. बाजारातल्या स्वस्त पुडीत नेमके हेच मिसळलेले असू शकते.

वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची कातडी कोरडी पडून माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे सुटतात. पिणे थांबवले की ती पूर्ववत होते. पीक तयार व्हायला तीन ते पाच वर्षे लागतात. त्यामुळे २०१६च्या विन्स्टन चक्रीवादळात फिजीतले मळे आडवे झाले तेव्हा भाव चढले आणि लवकर उतरले नाहीत.

फिजीत कावा फक्त मूळ रहिवाशांचा राहिलेला नाही. १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर राबायला साठ हजारांहून अधिक भारतीय गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या बोलीत यांगोनाचा ‘नंगोना’ झाला. ‘ग्रॉग’ असेही म्हणतात. लग्नघरी, मयताच्या घरी आणि रामायण मंडळीच्या बैठकीत चटईवर मध्ये परात ठेवलेली असते, आणि तिथेही करवंटी रिती झाली की टाळ्या वाजतात.