कोणाचाही धक्का न लागता

टाचेच्या थोडं वर ‘फट्’ असा आवाज होतो आणि खेळाडू चिडून मागे वळतो. लाथ कोणी मारली, हे त्याला बघायचं असतं. मागे कोणीच नसतं. सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी दहा पावलं लांब उभा असतो आणि तोही गोंधळलेला असतो. टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली माणसं डॉक्टरांसमोर बसल्यावर बहुतेक वेळा हेच सांगतात: ‘मागून कोणीतरी मारल्यासारखं वाटलं.’ असा रुग्ण बहुधा तिशी ते पन्नाशीतला पुरुष असतो. आठवडाभर खुर्चीत बसलेला आणि सुटीच्या दिवशी थेट धावत मैदानात उतरलेला.

टॅकल, धडक, नडगीवर बसलेला बूट, तोंडावर लागलेलं कोपर हे सगळं फुटबॉलमध्ये होतंच. पण मांडीचा मागचा स्नायू, पोटरी, जांघ आणि गुडघ्यातलं लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) हे बऱ्याचदा कोणाचाही हात न लागता जातात. जी दुखापत दुसऱ्याने केलेली नसते, ती टाळणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. मैदानाच्या कडेला अशा प्रत्येक दुखापतीला ‘नशीब’ म्हटलं जातं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यातल्या कितीतरी दुखापती आठवड्याच्या मधल्या दिवसांत दहा मिनिटं दिली असती, तर झाल्याच नसत्या.

मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, नेमका कसा जातो ते बघू. वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो, गुडघा सरळ होत येतो आणि पाऊल जमिनीला टेकण्याआधीच्या क्षणी या स्नायूला पुढे जाणाऱ्या नडगीला लगाम घालावा लागतो. म्हणजे तो एकाच वेळी ताणलाही जात असतो आणि आवळतही असतो. जड बादली हळूहळू खाली ठेवताना दंडाचा स्नायू जे काम करतो, तेच काम इथे काही शतांश सेकंदांत आणि प्रचंड जोराने होतं. खुर्चीत बसून गेलेल्या आठवड्यात या स्नायूला असं काम एकदाही पडलेलं नसतं. चालताना किंवा जिने चढताना तो इतका ताणला जात नाही. मग सामन्याच्या उत्तरार्धात एक लांब पास येतो, डोकं पंचविशीतल्या वेगाची आठवण काढतं, आणि स्नायूचे तंतू त्या आठवणीला पुरे पडत नाहीत.

उन्हाळा या सगळ्यात भर घालतो. महिनोन्‌महिने मैदानाकडे न फिरकलेले लोक अचानक आठवड्यातून तीन-चारदा खेळू लागतात, सुटीच्या स्पर्धांत एकाच दिवशी दोन-तीन सामने होतात. सुकलेली जमीन टणक होते, बुटाच्या तळाचे खुंट, म्हणजे स्टड, त्यात रुतून राहतात आणि शरीर वळतं तेव्हा पाऊल वळत नाही. कृत्रिम गवत कडक उन्हात साठ अंश सेल्सियसच्याही वर तापू शकतं. त्यावर घसरून पडलं, की खरचटणं आणि भाजणं एकदमच होतं. (खरचटलेली जागा तिथल्या तिथे वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती, ते आठवून बघावं.)

आणि खरा प्रश्न उष्णतेचा. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, त्यातली जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा हालचालीत उतरते, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. ती घालवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तोही वाळला तरच. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम निथळून जमिनीवर पडला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून दमट हवेतली संध्याकाळ कोरड्या हवेतल्या दुपारपेक्षा घातक ठरू शकते. नुसता तापमापक बघून सामना ठरवणं चुकीचं आहे ते यामुळेच.

अमेरिकी मरीन दलातले नवे सैनिक सरावात उष्माघाताने कोसळत होते, तेव्हा १९५० च्या दशकात एक वेगळं मोजमाप तयार झालं. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि सावलीतल्या साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. या वाटणीवरूनच दमटपणा किती महत्त्वाचा, ते कळतं. फुटबॉलमध्ये हे मोजमाप ३२ अंशांवर गेलं, की पाणी पिण्यासाठी खेळ थांबवण्याची पद्धत आली. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझा इथल्या नेदरलँड्स विरुद्ध मेक्सिको सामन्यात जगाने असा थांबा पाहिला. व्यावसायिक खेळाडूंना जो थांबा लागतो, तो आपल्यालाही लागतो, किंबहुना जास्त आणि लवकर.

शरीर उष्णतेला सरावतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाऊ लागतं. म्हणून मोसमाच्या पहिल्या आठवड्यात अर्धाच वेळ खेळा, मधे सावलीत बसा, आणि दुसऱ्या आठवड्यात वेळ वाढवा. पाणी तहान लागेल तसं प्यावं. तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं. तहान नसताना लिटरवारी पाणी रिचवलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. पोटरीत गोळा आला, तर तो फक्त ‘मीठ कमी झाल्यामुळे’ येतो असं नाही. बऱ्याचदा दमलेल्या स्नायूला मिळणारे मज्जातंतूंचे आदेश बिघडलेले असतात. पायाची बोटं हळूच नडगीकडे ओढून स्नायू ताणून धरला, की गोळा सुटतो तो त्यामुळेच.

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण या लेखातली जीव वाचवणारी गोष्ट हीच आहे. एखादा खेळाडू अडखळायला लागला, चुकीच्या दिशेने धावू लागला, विनाकारण चिडला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नका. धावून झालेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. कपाळावर धरलेला तापमापकही फसवतो, कारण ४० अंशांच्या वर गेलेलं असतं ते शरीराच्या आतलं तापमान. कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन करावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला थंड करायला लागावं. बर्फाच्या पाण्याने भरलेला टब असेल, तर त्याला मानेपर्यंत त्यात बसवा, काखेतून धरून डोकं वर ठेवा. टब नसेल, तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल अंगभर टाका, दर मिनिटाला बदला, बादल्या ओता, वारा घाला. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आधी थंड करा, मग हलवा, हा क्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकेत फॅल्मथ इथे ऐन ऑगस्टमध्ये सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण शर्यतीच्या जागीच बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले आणि सगळेच्या सगळे वाचले.

आता दुखापत टाळण्याच्या व्यायामाकडे. फुटबॉलसाठी ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. आधी हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दिशा बदलत वेगाने धावणं. एवढाच त्याचा ऐवज, साहित्य म्हणून फक्त चेंडू. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या. पण आपल्यासारख्यांसाठी जास्त बोलकी चाचणी जर्मनीतली आहे. तिथे बत्तिशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूंनी हाच वॉर्मअप आठवड्यातून साधारण एकदाच केला, आणि एकूण दुखापतींमध्ये ठळक फरक पडला नाही. व्यायाम तोच, पण मात्रा अपुरी. स्नायू आणि कंडरा एका दिवसाच्या आग्रहाने बदलत नाहीत. सामन्याआधीचा वॉर्मअप कराच, पण ताकदीचा भाग घरी आणखी दोनदा व्हायला हवा. गार स्नायू मिनिटभर ताणून धरायचा आणि मैदानात उतरायचं, ही जुनी सवय मात्र दुखापत टाळायला फारशी उपयोगी नाही.

एकच व्यायाम निवडायचा झाला, तर मी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग निवडेन. मऊ सतरंजीवर गुडघे टेका, मागे बसून कोणीतरी घोटे घट्ट दाबून धरावेत. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका, जमेल तितकं मांड्यांच्या मागच्या जोरावर सावरा, आणि सुटलंच तर हातांवर पडा. सुरुवातीला पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच ठणकतात, त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी याची सुरुवात करू नका. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या नव्या दुखापती निम्म्याहून कमी केल्या. ज्यांना आधी दुखापत झाली होती, त्यांच्यात ती पुन्हा होण्याचं प्रमाण सहा पटींहून अधिक घटलं.

तरीही घोटा मुरगळतोच. फुटबॉलमध्ये ही नेहमीची गोष्ट आहे. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं. पहिला प्रश्न असतो हाड मोडलंय का. त्यासाठी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड आणि टोक बोटाने दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध असलेला हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं हाड दाबा. यांपैकी कुठेही हाडावर दाबताच कळ आली, किंवा लंगडत का होईना पण चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. मोठ्या माणसात यातलं काहीच नसेल, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदी थोडी उरते. सूज किती आली, यावरून मात्र काहीच ठरवू नये. साध्या लचकीतही घोटा लिंबाएवढा फुगतो.

मग बर्फ. १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी लोकप्रिय केली. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे भरून येणं लांबू शकतं. सूज ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. त्यामुळे आज सल्ला असा: बर्फ वेदना कमी करायला, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. क्रेप बँडेज बोटं सुन्न होणार नाहीत इतपत घट्ट. पहिले एक-दोन दिवस भार कमी, मालीश आणि गरम शेक नको. आणि तिसऱ्या दिवसापासून, वेदना सोसवेल तितकं, चालायला लागा. पलंगावर दोन आठवडे काढलेला घोटा बरा होत नाही, नुसता आखडतो.

गुडघ्याचं वेगळं आहे. वळताना आतून ‘कट्’ आवाज झाला आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतलं क्रूशिएट लिगामेंट फाटल्याची दाट शंका घ्यावी आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. हे लिगामेंट पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत फाटतं, पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या क्षणी सावरण्याची संधीच नसते. गुडघा आत न झुकू देता उतरण्याची सवय आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. शस्त्रक्रियेनंतर खेळात परतण्याची घाई महागात पडते. नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने पुढे ढकललं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं नॉर्वेजियन अभ्यासात दिसलं आहे. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, धूसर दिसणं किंवा विसराळूपणा जाणवला, तर शुद्ध हरपलेली नसली तरी त्या दिवसाचा खेळ संपला, यावर चर्चा नको.

मुरगळलेल्या घोट्याची दुखापत पुन्हा का होते, हेही समजून घ्यायला हवं. लिगामेंटमध्ये पाऊल कोणत्या कोनात आहे, हे मेंदूला कळवणारे सूक्ष्म संवेदक असतात. लिगामेंट ताणलं, की ही खबर उशिरा आणि अर्धवट पोहोचू लागते. दुखणं थांबतं, सूज ओसरते, आणि माणूस बूट चढवतो, पण ही खबर अजून नीट पोहोचत नसते. ती सुधारायला दात घासताना एका पायावर उभं राहणं पुरतं. आधी डोळे उघडे, मग मिटून, मग दुमडलेल्या उशीवर. दुखावलेल्या पायावर डोळे मिटून तितकाच वेळ उभं राहता येतं का, त्याच पायावर उड्या मारत पुढे आणि बाजूला जाता येतं का, आणि पूर्ण वेगात धावून दोन्ही दिशांना वळता येतं का, हे एखाद्या मोकळ्या संध्याकाळी एकट्याने करून बघा. तिन्ही बिनदुखता जमलं, तर पुढच्या सामन्यासाठी नाव द्या. एकही अडलं, तर आणखी एक आठवडा एका पायावर दात घासा.