टेस्टोस्टेरॉनचा आकडा एकटा वाचू नका

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’च्या जाहिरातींचा नुसता पूर आलाय. तपासणी करा, आकडा कमी आला की आमची भुकटी घ्या! मला याचा संताप येतो, कारण तो आकडा अर्धीच हकिगत सांगतो. उरलेली अर्धी एसएचबीजी, म्हणजे हे संप्रेरक रक्तात धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या तपासणीत असते.

टेस्टोस्टेरॉन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून रक्तात ते प्रथिनांना चिकटून फिरतं. अल्ब्युमिनला चिकटलेलं सहज सुटतं. एसएचबीजी मात्र घट्ट धरून ठेवतं. पूर्ण मोकळं असतं जेमतेम 2 टक्के, आणि पेशीत शिरून काम करतं ते मुख्यतः हेच. रिपोर्टातला ‘टोटल’ आकडा म्हणजे या सगळ्यांची बेरीज.

एसएचबीजी यकृतात बनतं. यकृतात चरबी साठली, इन्सुलिन सतत चढं राहिलं, की ते कमी बनतं. पुढचा भाग मला फार आवडतो. पुरुषात एसएचबीजी घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढू पाहतं. मेंदू आणि पियूषिका ग्रंथी ते लगेच ओळखतात, एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं संप्रेरक) कमी सोडतात आणि वृषणं उत्पादन आवरतात. मोकळं पुन्हा जागेवर येतं, टोटल मात्र खालीच राहतं. वजन थोडंफार जास्त असलेल्या कितीतरी पुरुषांचा ‘कमी’ आकडा असाच असतो. लठ्ठपणा फार असेल तर मोकळंही घटतं, तो प्रश्न वेगळा.

स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनला असा लगाम नाही, म्हणून एसएचबीजी घटलं की मोकळं वाढलेलंच राहतं. टोटलला एसएचबीजीने भागून 100 ने गुणलं की मुक्त अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं) निर्देशांक मिळतो, म्हणजे मोकळ्याचा अंदाज. दोघींचं टोटल 2 नॅनोमोल प्रति लिटर आहे, पण एकीचं एसएचबीजी 60 आणि दुसरीचं 20. निर्देशांक येतो 3.3 आणि 10! पीसीओडी (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या मुलीच्या हनुवटीवर केस येत असताना टोटल ‘नॉर्मल’ का दिसू शकतं, ते इथे कळतं.

गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि थायरॉइडचं संप्रेरक वाढल्यावर एसएचबीजी चढतं, ते कमी असेल तर उतरतं; त्यामुळे चालू औषधं डॉक्टरांना सांगाच. पुरुषांनी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावं. मुक्त अँड्रोजन निर्देशांक त्यांच्यासाठी भरवशाचा नाही. त्यांचं मोकळं टेस्टोस्टेरॉन टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन यांवरून वेगळ्या सूत्राने काढतात.