अ‍ॅलर्जीची गोळी हृदयात काय करत होती?

टर्फेनाडिन नावाची अ‍ॅलर्जीची गोळी एके काळी खूप खपायची, कारण ती घेतली तरी पेंग येत नसे. पण तिच्यासोबत केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) घेतलेल्या काही लोकांचे ठोके भयंकर बिघडले, काही दगावले, आणि 1998 मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. शिंकांच्या गोळीचा हृदयाशी संबंध काय, तर पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमला जाऊ देणारी वाट!

हृदय विजेवर चालतं हे सगळ्यांना माहितीये, पण ही वीज आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची असते. सोडियम आत घुसलं की पेशी उत्तेजित होते, मग कॅल्शियम येतं आणि स्नायू आकसतो. पण पेशी परत शांत झाल्याशिवाय पुढचा ठोका नीट पडणारच नाही, आणि ते होतं पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे. याला उशीर झाला की ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे पेशी उत्तेजित होऊन परत शांत होईपर्यंतचा वेळ, वाढतं.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी या चॅनेलमधून मोठा जातो आणि लहान अडतो. कसं काय? पाण्यात प्रत्येक आयनाला पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, ते सोडायला ऊर्जा लागते. चॅनेलच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेत की पोटॅशियमला पाण्याच्या जागी तेच पुरतात, म्हणून तो पाणी सोडून सहज आत शिरतो. सोडियम लहान, त्याला हे ऑक्सिजन नीट धरू शकत नाहीत, मग तो पाणी सोडतच नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये एका बॅक्टेरियातल्या चॅनेलची रचना शोधून हे दाखवलं, 2003 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. चॅनेल इतकं चोखंदळ, तरी काही चॅनेलमधून सेकंदाला कोट्यवधी आयन जातात!

हृदयातल्या अशाच एका चॅनेलचं नाव हर्ग. त्याच्या आतल्या पोकळीत टर्फेनाडिन अडकतं. एरवी लिव्हर ते लगेच मोडून टाकतं, पण ती दुसरी औषधं लिव्हरचं तेच काम अडवतात, मग ते रक्तात साठतं, हर्ग बंद पडतं आणि पेशी शांत व्हायला वेळ लागतो.

चुंबकाच्या ब्रेसलेटने ठोके सुधारतात म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, ब्रेसलेटने हर्ग उघडत नाही. आणि 'पोटॅशियम चांगलं' म्हणून किडनीच्या पेशंटला मनाने शहाळ्याचं पाणी पाजू नका, रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबू शकतं.

आता नवीन औषध माणसाला द्यायच्या आधीच ते हर्गला अडवतं का हे तपासतात. तुम्हाला क्यूटी वाढल्याचं कधी सांगितलं असेल तर साधी अँटिबायोटिक घेतानाही डॉक्टरांना ते आधी सांगा.