लेखनिक हवा आहे

फेब्रुवारी उजाडला की व्हॉट्सॲपवर तो निरोप फिरू लागतो: ‘दहावीच्या अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक हवा आहे. नववीतली मुलगी चालेल. अक्षर सुवाच्य हवं.’ परीक्षार्थी तोंडाने सांगेल ते उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवणारा तो लेखनिक. बोर्डाच्या परीक्षेला तो खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे स्वतःचा अभ्यास आणि वार्षिक परीक्षा डोक्यावर असलेलं एखादं पोर शोधायचं आणि त्याच्या आईवडिलांना राजी करायचं. मी दरवर्षी हे निरोप पुढे पाठवतो आणि दरवर्षी जीव तुटतो. उत्तर त्या मुलीला येत असतं, पण ते कागदावर उमटणं दुसऱ्याच्या हाती. अंधांसाठी आपल्याकडे उभ्या राहिलेल्या कामाचा इतिहास पाहिला, तर वाचन-लेखन त्यांच्या स्वतःच्या हातात यावं यासाठीची धडपड त्यात पुन्हा पुन्हा दिसते.

सुरुवात पोटापासून झाली. 1899-1900च्या भीषण दुष्काळात अनाथ झालेली मुलं मिशनऱ्यांच्या आश्रयाला आली, त्यांत काही अंध होती. देवीचा आजार आणि उपासमार, दोन्हींनी त्या काळात असंख्य मुलांचे डोळे नेले. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. 1902 साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. पुण्याची अंधशाळा 1934ची. देशातली पहिली शाळा त्याआधी, 1887 साली, ॲनी शार्प यांनी अमृतसरला काढली होती. वेतकाम, विणकाम, संगीत हे या शाळांतले नेहमीचे विषय. मूल उपाशी राहू नये, हाताला काहीतरी काम असावं, एवढीच तेव्हाची अपेक्षा.

मात्र अक्षरांची पंचाईत होती. पॅरिसच्या लुई ब्रेलने ठरवलेल्या, बोटांनी वाचायच्या सहा उठावदार ठिपक्यांतून 63 आकृत्या होतात. त्या आपल्या वर्णमालेला कशा लावायच्या, याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या परीने काढलं. पश्चिम भारतात डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची पद्धत, कलकत्त्यात शाह ब्रेल, म्हैसूरची आणखी निराळी. एका गावात शिकलेल्या माणसाला दुसऱ्या गावात छापलेलं पुस्तक वाचता येईना. आधीच मूठभर असलेल्या वाचकांचे असे तुकडे पडलेले.

हा गुंता सुटला त्यात सर क्लुथा मॅकेन्झी यांचा मोठा वाटा आहे. हे न्यूझीलंडचे. 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्स या ब्रिटिश संस्थेचं केंद्र निघालं, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. देशातल्या अंधत्वाविषयीचा 1944चा सरकारी अहवाल त्यांच्याच सहभागाने तयार झाला. पुढे युनेस्कोच्या वतीने त्यांनी ब्रेलच्या एकसूत्रीकरणाचं काम पाहिलं आणि 1951 साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीचा ‘क’, गुजरातीचा ‘क’, तमिळचा ‘क’, बोटाखाली तोच.

मराठी ब्रेल जवळून पाहण्यासारखी आहे. छापील ‘कि’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी उभी असते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, कानाला ऐकू येतं त्याच क्रमाने. ‘किती’ म्हणजे क, इ, त, ई अशी सहा-सहा ठिपक्यांची चार घरं. जोडाक्षर येणार असेल तर त्याची खूण म्हणून एक ठिपका आधीच येतो, बोट सावध होतं. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र घरं आहेत. लिहिणं आणखी वेगळं. ब्रेल पाटीत जाड कागद अडकवायचा आणि स्टायलस नावाच्या टोच्याने उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं टोचत जायचं. कागद पालटला की उठाव वर येतो आणि डावीकडून वाचता येतं. सहा-सात वर्षांचं मूल हे दोन्ही क्रम डोक्यात ठेवून सराईतपणे लिहितं, तेव्हा आपण डोळस माणसं थक्क होऊन बघत राहतो.

1952च्या जानेवारीत मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅब’, स्थापन झाली. ब्रेल छपाई, बोलकी पुस्तकं, नोकरीसाठी शब्द टाकणं अशी तिची कामं वाढत गेली. 1960 साली गुजरातेत फणसा इथे शेतीचं प्रशिक्षण सुरू झालं. माझ्या मते ही फार मोलाची पायरी होती. तोवर सगळा भर शहरातल्या वसतिगृहांवर, आणि बहुतेक अंध माणसं तर खेड्यात. पुढे कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. काठी घेऊन विहिरीपर्यंत जाणं, चूल पेटवणं, शेळ्या राखणं हे त्या माणसाच्या अंगणातच शिकवू लागले. शिक्षणातही 1974च्या केंद्रीय योजनेने नेहमीच्या शाळेचं दार किलकिलं केलं.

वाचनाची भूक मात्र भागत नव्हती. डोळसांचं हातात मावणारं पुस्तक ब्रेलमध्ये दोन-तीन जाड खंडांचं होतं, म्हणून क्रमिक पुस्तकांपलीकडे फारसं काही छापलं जात नसे. कॅसेटवर पुस्तकं वाचून देणाऱ्या स्वयंसेवकांनी, बहुतेक गृहिणी आणि निवृत्त मंडळींनी, ही उणीव बरीच भरून काढली. 15 फेब्रुवारी 2008 रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं आणि वर्तमानपत्र पहिल्यांदा मराठी अंध वाचकाच्या बोटांखाली आलं. दुसऱ्या कुणी निवडून वाचून दाखवलेली बातमी वेगळी आणि आपली आपण, हवी तिथे थांबत वाचलेली वेगळी.

कायदा उशिरा आला. अंधांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी लागू नये, अशी दुरुस्ती 2012 साली कॉपीराइट कायद्यात झाली. त्याच धर्तीचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश, 24 जून 2014. आता मोबाइल पुस्तक बोलून दाखवतो.

आणि परीक्षा? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 2013पासून तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ तर आहेच. शिवाय ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरं लिहिण्याचा पर्यायही आहे. हे कित्येक पालकांच्या कानावरच गेलेलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत निरोप आला की तो पुढे पाठवीनच, पण त्याखाली एक ओळ घालणार आहे: मुलीला संगणकावर लिहिता येतं का, आणि ते शाळेत कुणी विचारलं आहे का?