गॅस्प्रा (लघुग्रह ९५१)

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रह पट्ट्यात, आतल्या कडेला फिरणारा एक लहान खडकाळ लघुग्रह. अवकाशयानाने जवळून पाहिलेला हा पहिला लघुग्रह. त्यापूर्वी लघुग्रह म्हणजे दुर्बिणीतला सरकता ठिपका, एवढीच ओळख होती.

रशियन खगोलज्ञ ग्रिगोरी नेउमिन यांनी ३० जुलै १९१६ रोजी क्रिमियातील सिमेइझ वेधशाळेतून तो शोधला. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या गॅस्प्रा या आरोग्यस्थानाचे नाव त्याला दिले. आजारातून उठलेले लिओ टॉलस्टॉय १९०१-०२ मध्ये हवापालटासाठी राहिले ते हेच गाव.

सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.२१ पट आहे. एका प्रदक्षिणेला सुमारे ३.३ वर्षे लागतात. स्वतःभोवतीची फेरी मात्र सात तासांत पुरी होते.

बृहस्पतीकडे निघालेले 'नासा'चे गॅलिलिओ यान २९ ऑक्टोबर १९९१ रोजी गॅस्प्रापासून अवघ्या १,६०० किलोमीटरवरून, सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यानाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा उघडायचा होता, तो अडकला. त्यामुळे छायाचित्रे फितीवर साठवून ठेवावी लागली. लहान अँटेनातून सेकंदाला जेमतेम ४० बिट एवढीच माहिती येई. या गतीने एका पूर्ण चित्राला दिवसाहून अधिक वेळ लागणार! पहिली चित्रे त्याच नोव्हेंबरात ओळीओळीने उतरवून घेतली गेली. बाकीच्यांसाठी यान पुन्हा पृथ्वीजवळ येईपर्यंत, म्हणजे १९९२ च्या अखेरीपर्यंत, थांबावे लागले. गॅस्प्राविषयी आज जे माहीत आहे त्यातले बहुतेक या चिकाटीचे फळ आहे.

चित्रांत दिसला तो गोल नव्हता. साधारण १८ × १०.५ × ९ किलोमीटरचा, एका टोकाला निमुळता होत गेलेला ओबडधोबड धोंडा होता. त्याच्या बाजू जागोजागी तासल्यासारख्या सपाट आहेत. मोठ्या टकरीत फुटलेल्या एखाद्या मोठ्या पिंडाचा तो तुकडा असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले. फ्लोरा कुलातील, म्हणजे एकाच पिंडातून फुटून सारख्या कक्षांत फिरणाऱ्या लघुग्रहांत त्याची गणना होते. पृष्ठावर लहान विवरे शेकड्यांनी आहेत, पण मोठी फारशी नाहीत. त्यावरून हे पृष्ठ तुलनेने तरुण, साधारण वीस कोटी वर्षांच्या आसपासचे मानले जाते. उथळ, लांबट चरही दिसतात. त्यांचा संबंध आतल्या भेगांशी जोडला जातो.

गॅस्प्रा हे आरोग्यस्थान, म्हणून इथल्या विवरांना जगभरच्या उष्ण व औषधी झऱ्यांच्या गावांची नावे दिली आहेत : बाथ, कार्ल्सबाद, जपानचे बेप्पू, न्यूझीलंडचे रोटोरुआ. हिमाचल प्रदेशातले, पार्वती नदीकाठचे मणिकरणही त्यांत आहे. नेउमिन यांचे नाव एका विस्तृत प्रदेशाला मिळाले.

गॅस्प्रा 'एस' वर्गातला, म्हणजे ऑलिव्हीन व पायरोक्सीन या सिलिकेट खनिजांचा. रंग किंचित तांबूस, पण ताज्या विवरांजवळ आणि कडांवर तो निळसर छटेकडे झुकतो. सौरवारा (सूर्याकडून सतत येणारा भारित कणांचा झोत) व सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने खडकाचा वरचा थर काळाबरोबर तांबूस होतो, हे या फरकाचे कारण. पृथ्वीवर पडणाऱ्या साध्या दगडी उल्का अशाच लघुग्रहांतून येतात का, हा वाद या तांबूस थरामुळेच रेंगाळला होता, कारण त्याचा रंग उल्कांच्या रंगाशी जुळत नसे. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या 'एस' वर्गीय लघुग्रहाची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली. तिची घडण त्या उल्कांशी जुळली.